मुलाखतीत गप्प बसलेली मुलगी

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

बेळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी संस्थेत शिकवणारे एक डॉक्टर लिहितात. त्यांच्याकडं सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे एमपीएच, आहे. प्रवेशासाठी आधी लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. मुलाखतीला १०० पैकी ३० गुण. ९ वर्षं ते मुलाखत मंडळावर आहेत. ‘मूल दार उघडून आत आलं की दोन मिनिटांत मला कळतं,’ अशी त्यांची खात्री होती. गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातली, बीएस्सी नर्सिंग झालेली एक मुलगी आली. ‘टेल अस अबाउट युअरसेल्फ’ म्हटल्यावर दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. ३० पैकी ९ गुण मिळाले, नाव यादीतून गेलं. यंदाच्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका शिबिरात तीच मुलगी रक्तदाबाच्या टेबलावर बसलेली दिसली. समोरची म्हातारी सांगत होती, “गोळी रोज खातो की गं बाय.” मुलीनं वाद घातला नाही. पिशवीतली गोळ्यांची पट्टी मागून घेतली, फुटलेली घरं बोटानं मोजली आणि विचारलं, “आजी, ही पट्टी कधी आणलासा?” पट्टी दोन महिन्यांपूर्वीची होती आणि दहातल्या सात गोळ्या जागच्या जागी. रांगेतल्या पुढच्या माणसाशी ती कन्नडमध्ये बोलली, त्याच्या मागच्या बाईशी उर्दूमिश्रित हिंदीत. डॉक्टर विचारतात : मी मंडळ सोडावं का? मुलाखत बंद करून फक्त गुणांवर प्रवेश द्यावा का? एका तरुण सहकाऱ्यानं ठरावीक प्रश्न, गुणांचे तक्ते आणि वेगवेगळी टेबलं अशी योजना पुढं केली आहे. ती मला यंत्रासारखी वाटते, तरी त्याचं ऐकावं का? आणि त्या मुलीला फोन करावा का?

डॉक्टर,

‘माझी नजर चुकली’ असं तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. मला वाटतं तुमची नजर धड आहे. शिबिराच्या गर्दीत ती मुलगी पट्टी कशी मोजते हे तुमच्याच नजरेनं टिपलं ना? शेजारी उभ्या असलेल्या दहाजणांना ते दिसलंही नसेल. मुलाखतीच्या खोलीत ही नजर कामाला आली नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. तिथं होतं एकच काम : तीन वडीलधाऱ्या माणसांसमोर परक्या भाषेत स्वतःची तारीफ करणं. आपल्याकडच्या घरांत मुलींना हे काम कुणी शिकवत नाही. शिकवायचं राहू द्या, एखादी करायला लागली तर ‘लई बोलतीस’ म्हणून गप्प करतात. आणि मग बावीस वर्षांनी आपण तिला त्याचेच गुण द्यायला बसतो.

पण मला विचारायचं आहे ते तुमच्या ९ वर्षांच्या खात्रीबद्दल. ती आली कुठून? तुम्ही निवडलेली मुलं पास झाली, बरी निघाली, कुणी तालुक्याच्या कार्यालयात लागलं, कुणी संस्थांतून काम करतंय. म्हणून निवड बरोबर. आणि ज्यांना नाकारलं ती? ती घरी गेली, गोव्याला नोकरीला गेली, लग्न होऊन गेली. त्यांचं पुढं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. पेरलं ते उगवलं एवढंच शेतात दिसतं. पोत्यात राहिलेलं बी उगवलं असतं का, ते पोत्याकडं बघून कळत नाही. ९ वर्षांत नाकारलेलं एकच मूल तुम्हाला काम करताना दिसलं, तेही पावसापाण्याच्या शिबिरामुळं. ते पहिलंच तुम्हाला झोपू देईना.

पोत्यातलं बी पेरून बघायची वेळ एकदा खरोखरच आली होती. अमेरिकेत ह्यूस्टनला, टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजात. १९७९ साली तिथं सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्या ३५० मधून १५० मुलं घेतली. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळानं सांगितलं, आणखी ५० घ्या. तोवर बऱ्या क्रमांकाची मुलं दुसरीकडं गेली होती, उरली होती ती ७०० च्या खालची. त्यांतूनच ५० घेतली. पुढं परीक्षांत, वॉर्डातल्या कामात, अर्धवट सोडून जाण्यात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. १९८७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे छापून आलं. त्या मुलांच्या क्रमांकांत एवढं अंतर पडलं होतं ते बरंचसं मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांमुळं. अर्थात ते ८०० जण कागदावर आधीच चांगले होते, म्हणून तर मुलाखतीला बोलावले होते. पण तुमच्या संस्थेतही लेखी परीक्षा पार केल्याशिवाय कुणी त्या खोलीत येत नाही. म्हणजे तुमची मुलगीही त्या आठशेतलीच की.

आता माझं सांगते, म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको. नर्सिंग शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि अशा मंडळांवर मीही बसले. एकदा एक मुलगा आला. माझ्याच मराठी शाळेतला, माझ्याच बाईंचा विद्यार्थी. बाईंचं नाव निघालं, आमची दोघांची कळी खुलली, वेळ कसा गेला कळलं नाही. मी त्याला भरभरून गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘संवादकौशल्य उत्तम’. त्याच्यामागून बैलहोंगलचा एक मुलगा आला. त्याच्याशी माझं काही जुळेना, तर लिहिलं, ‘मितभाषी’. दोघांना मी एकही प्रश्न सारखा विचारला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते रात्री भाकरी थापताना. कागद तोवर कपाटात गेले होते आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढायला मी सांगितलं नाही. माणूस ओळखण्याची कला म्हणून आपण जी मिरवतो ती पुष्कळदा आपल्यासारखा माणूस ओळखण्याची असते.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, त्यावर मी थांबले. मुलगी बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, “पोरगी चांगली आहे, पण कॉन्फिडन्स नाही.” मग तिघांनी गुण लिहिले : नऊ, नऊ, दहा. तुम्हाला वाटलं, तिघांचं एकमत झालं. डॉक्टर, ते एकच मत होतं, तीन हस्ताक्षरांत लिहिलेलं. उद्यापासून दुसरं काही करू नका, एवढंच करा : दार लागल्यावर कुणीही तोंड उघडायच्या आत तिघांनी गुण लिहून कागद पालथे ठेवायचे. याला ठराव नको की निधी नको.

मुलाखतीचा हा वाद आपल्या भागाला नवा नाही. बेळगाव म्हैसूर राज्यात असताना, १९६३ साली, त्या सरकारनं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या मुलाखतीला ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के इतके गुण ठेवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य, १९६४. न्यायालयानं मुलाखतीची पद्धत मान्य केली. पुढं श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी कॉलेजचं अजय हसिया प्रकरण आलं. तिथं लेखीला १०० गुण आणि तोंडीला ५०, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडीचा. मुलांची तक्रार होती की आम्हाला दोन-तीन मिनिटं आत घेतलं आणि आईवडील कोण, राहता कुठं, एवढंच विचारलं. १९८० च्या नोव्हेंबरातल्या निकालात न्यायालयानं म्हटलं की प्रवेशासाठी तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल, आणि शक्य असेल तर मुलाखत टेपवर उतरवून ठेवावी. तो निकाल सरकारी अंगाच्या संस्थेबद्दलचा होता, तुमची खासगी. पण तुमचे ३० गुण त्या मर्यादेच्या दुप्पट आहेत, हे पुढच्या बैठकीत मांडायला काय हरकत आहे?

मग मुलाखत बंदच करावी का? एमबीबीएसला आणि एमडीला आज मुलाखत नाही, ‘नीट’ या देशभरच्या प्रवेशपरीक्षेतल्या क्रमांकावर जागा मिळते. चिठ्ठीचपाटी आणि ओळखपाळख त्यानं कमी झाली, हे मी मान्य करते. पण तुमचं खातं निराळं आहे. तुमच्याकडून बाहेर पडणारा माणूस तपासणीच्या खोलीत बसत नाही. तो गावात जातो, आशाताईच्या वहीत डोकावतो, ग्रामपंचायतीत बोलतो, न घेतलेल्या गोळ्या मोजतो. ते लेखी परीक्षेत दिसत नाही. आणि गुण म्हणजे निव्वळ न्याय असं समजू नका. त्यांत शिकवणीची फी असते आणि तालुक्याच्या गावाहून शेवटची एसटी किती वाजता सुटते तेही असतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं नीट येण्याआधी वर्षानुवर्षं लेखी परीक्षेनंतर मुलांना बोलावून, गटात कामं देऊन, मुलाखती घेऊन एमबीबीएसची निवड केली. सेवाग्रामच्या वैद्यकीय कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा एक पेपर असायचा. माणूस बघून घ्यावा हा आग्रह खुळा नाही. कसा बघायचा, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून तुमच्या तरुण सहकाऱ्याकडं वळू. त्याची योजना तुम्हाला यंत्रासारखी वाटते, पण ती तुमच्याच घरातली आहे. तुम्ही ऑस्की, म्हणजे टेबलाटेबलांवरची प्रात्यक्षिक परीक्षा, घेता ना? एका टेबलावर छातीचा आवाज, दुसऱ्यावर जखमेची पट्टी, तिसऱ्यावर नातेवाइकांशी बोलणं, घंटा वाजली की पुढचं टेबल. १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडच्या डंडीत ती पद्धत निघाली. कारण एका रुग्णावरची एकच लांब परीक्षा नशिबाचा खेळ व्हायची, रुग्ण कुठला मिळाला आणि परीक्षक कोण, यावर सगळं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी तोच विचार प्रवेशाला लावला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. दहाएक टेबलं, प्रत्येक टेबलावर आठ मिनिटं, मध्ये दोन मिनिटं पुढचा प्रसंग वाचायला. प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक आणि त्यानं फक्त आपल्या टेबलाचे गुण द्यायचे. एका टेबलावर अडखळलेला मुलगा दुसऱ्यावर कोऱ्या पाटीनं बसतो. भात शिजला का हे एका शितावरून कळतं म्हणतात ते भाताच्या बाबतीत खरं आहे, माणसाची शितं निरनिराळी शिजतात.

दहा टेबलं तुम्हाला परवडणार नाहीत. चार मांडा. हिशोब मी करून बघितला. सध्या तिघे जण मिळून दहा-दहा मिनिटं घेता. ४० उमेदवार म्हणजे ४०० मिनिटं, गुणिले तीन शिक्षक : वीस तास. चार टेबलांवर सहा मिनिटं आणि टेबल बदलायला दोन धरली तर चार मुलं बत्तीस मिनिटांत मोकळी होतात. ४० मुलांना ३२० मिनिटं, गुणिले चार शिक्षक : एकवीस तास आणि वीस मिनिटं. म्हणजे सगळ्यांचा मिळून तासाभराचाच फरक, आणि जेवायला वेळेवर सुटाल.

पहिल्या टेबलावर ती आजीच बसवा. तुमच्या कार्यालयातल्या एखाद्या वयस्कर बाईंना पट्टी देऊन सांगा, ‘रोज खातो’ म्हणायचं आणि हट्ट सोडायचा नाही. उमेदवारानं मराठीत बोलावं की कन्नडमध्ये ते त्यानं ठरवावं. दुसऱ्या टेबलावर एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा वर्षभराचा छोटा तक्ता ठेवा, इंग्रजीत, कारण पुढं शिकायचं इंग्रजीतच आहे. त्यात काय खटकतं ते सांगू दे. तिसरं टेबल अडचणीचं : आशाताईच्या वहीत लस दिल्याची नोंद आहे, बाळाची आई म्हणते दिली नाही, आणि आशाताई तुमची नात्यातली. काय कराल? चौथ्यावर त्यानं केलेल्या एखाद्या कामाबद्दल विचारा. काय केलं, बरोबर कोण होतं, कुठं फसलं. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता’ हा प्रश्न मात्र कायमचा निवृत्त करा. त्याचं खरं उत्तर कुणाकडंच नसतं, तुमच्याकडं तरी होतं का?

खरी मेहनत गुणांच्या कागदावर आहे. ‘आत्मविश्वास’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे रकाने काढून टाका, त्यांत ज्याला जे हवं ते मावतं. आजीच्या टेबलावर एक गुण कशाला ते शब्दांत लिहा : पट्टी न बघताच ‘गोळी घ्यायला पाहिजे’ म्हणून उपदेश केला. तीन कशाला : पट्टी बघितली, पण आजीला खोटं पाडलं. पाच कशाला : पट्टी बघितली, गोळी का चुकते ते विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबला. हे चौघांनी एका दुपारी बसून ठरवायचं, भांडायचं ते त्याच दुपारी. उमेदवाराचे लेखी गुण आणि त्याची फाइल टेबलावर येऊ द्यायची नाही. ओळखीचं मूल आलं तर तेवढ्यापुरता परीक्षक बदलायचा. तो ‘अमक्या साहेबांचा’ फोन दरवर्षी येतोच, त्यालाही आता उत्तर मिळेल : माझ्याकडं चारातलं एकच टेबल आहे हो, माझ्या हातात काही नाही.

ही पद्धत म्हणजे रामबाण आहे असं मात्र समजू नका. कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय कॉलेजात तपासलं तेव्हा अशा टेबलांवरही मोकळ्या, बोलक्या स्वभावाच्या मुलांना जास्त गुण मिळत असल्याचं दिसलं. म्हणूनच तुमच्या चारांपैकी एखाद्या टेबलावर बोलणं कमी आणि करणं जास्त असू द्या. आणि निवडलेल्यांचं, शक्य झालं तर नाकारलेल्यांचंही, दोन वर्षांनी काय झालं ते एका वहीत लिहीत चला.

भाषेबद्दल थोडं वेगळं बोलते, कारण पत्रात तुम्ही ते टाळलंय. तुमच्या मंडळात ‘कन्नड येतं का?’ असं विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. गोकाक-रायबागच्या माणसाला कुठं दुखतं हे विचारता आलं नाही तर आरोग्यसेवक काय कामाचा? निपाणीकडं आणि खानापूरच्या पश्चिमेला मराठीचंही तेच. पण १९५६ पासून या जिल्ह्यात भाषेचा प्रश्न नुसता भाषेचा राहिलेला नाही. खुर्चीवरचा माणूस तो विचारतो तेव्हा समोरच्या मुलीला ‘तुम्ही कुठल्या बाजूचे?’ असं ऐकू येतं. मग ती तोलूनमापून बोलते, आणि तोलून बोलण्याला आपण ‘कॉन्फिडन्स नाही’ म्हणतो. भाषा विचारूच नका, कामात बघा. टेबलावर बसलेल्या माणसानं “होट्टी नोवु ऐतरी”, म्हणजे पोट दुखतंय, असं म्हटलं की कळेल कुणाला काय येतं ते. मराठी मुलांना आणि कन्नड मुलांना सारखीच संधी, कुणाच्या नावाकडं बघायची गरज नाही. इंग्रजी तर लेखी परीक्षेत तपासून झालेली असते. तिचे गुण मुलाखतीत पुन्हा कापणं म्हणजे एकाच चुकीला दोनदा दंड.

हे सदर मुलंही वाचतात, त्यांच्यासाठी चार ओळी. तुमची संस्था अजून जुन्याच पद्धतीनं विचारत असेल तर ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर म्हणून केलेल्या एका कामाची गोष्ट तयार ठेवा. गाव, माणूस, अडचण, काय केलं. ती घरी मोठ्यानं बोलून बघा, आरशासमोर नको, धाकट्या भावासमोर. तो मध्येच उठून गेला तर गोष्ट लांबली समजा. इंग्रजीत अडलात तर ‘सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही, आणि गप्प राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मंडळ सोडू नका. तुम्ही उठलात तर त्या खुर्चीत जो येईल त्यानं जांबोटीचं टेबल बघितलेलं नसेल.

राहिला फोन. करा. पण माफी मागायला नको. तुमच्या मनाचं ओझं उतरेल आणि तिच्यावर चढेल. ‘नाही नाही सर, माझंच चुकलं’ असं तिला म्हणावं लागेल. शिबिरात तुमचं काम बघितलं, चांगलं होतं, यंदाचे अर्ज अमुक तारखेपर्यंत आहेत, एवढंच सांगा. जागा देण्याचं आडून आडूनही सुचवू नका. तिनं अर्ज केला तर समितीला आधीच लिहून कळवा की या उमेदवाराला मी ओळखतो, आणि तिचे गुण तुम्ही देऊ नका. तुम्हाला ते जड जाईल. या वर्षी तिला न्याय द्यायचा म्हणून तुमचा हात सैल सुटेल, आणि मग त्याच रांगेतल्या दुसऱ्या एखाद्या गप्प मुलीचं काय? कदाचित ती अर्जच करणार नाही. वर्षभरात तिची नोकरी लागली असेल, घरचं काही ठरलं असेल. तेही ऐकून घ्या आणि ठेवून द्या.

आणि त्या आजीची गोळी का चुकत होती, ते मुलीनं विचारलं असणारच. पत्रात लिहायचं राहिलंय. फोनवर तिला विचारा आणि मला कळवा.